काळ्या गाडीचं काम

काळी गाडी आली की मुथाशेठ मलाच हाक मारतात.
पांढरीवर काही दिसत नाही, करडीवर खपून जातं.
काळा रंग चुगलखोर,
बल्ब धरला की सगळं ओकतो.

अंबड रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये,
शटर अर्धं ओढून मी बल्ब धरला
बॉनेटवर, हातभर अंतरावरून.
उजेडाभोवती गोल, गोल, गोल,
कोळ्यानं विणावेत तसे बारीक ओरखडे.
नखाला लागत नाहीत. डोळ्याला लागतात.

हात उजवा. माणूस ठेंगणा,
टपाच्या मधोमध पोचत नव्हता : तिथं रंग कोरा,
शोरूममधून आल्यासारखा.
डावीकडच्या मागच्या दाराला जोर जास्त,
मालकीण तिथून चढायची असणार.
फडकं सुती. पाणी नाही.
पाणी कुठून आणणार? नळ येतो नवव्या दिवशी,
पिंप भरायचं का गाडी धुवायची?
आणि सळईच्या कारखान्यांची भुकटी
रात्रभर उतरत राहते जालन्यावर.
सकाळी कोरडंच पुसायला घेतलं
की फडकं नसतं ते, कानस असते.

एवढं सगळं गाडीनं सांगितलं.
माणूस नंतर दिसला.

शटरखाली उकिडवा बसलेला, विश्वंभर.
डॉक्टरीणबाईंकडे अकरा वर्षं ड्रायव्हर.
बाई पुण्याला लेकाकडं गेल्या कायमच्या.
हा गाडी पोचवायला आला, चावी दिली,
पावती घेतली, आणि गेला नाही.
"करा तुम्ही. बसतो मी जरासा."
तीन दिवस बसला.

आधी मातीची वडी फिरवली. वडी राखाडी झाली.
मग बोटांना कापड गुंडाळून, कंपाउंड चिमूटभर,
वीतभर जागा. तेवढीच.
मशीन आहे, शेठनी हौसेनं आणलंय,
पण कडांना रंग पातळ असतो
आणि मशीनला लाज नसते.
कय्यूमभाई शिकवताना म्हणायचे,
ओरखडा भरत नसतो, बेटा.
शेजारचं सगळं घासत घासत
त्याच्याएवढं खाली आणायचं. मग तो दिसत नाही.
मी तेव्हा हसलो होतो.
मला वाटलं, रंगाचंच बोलतायत.

दुसऱ्या दिवशी बॉनेट निम्मं झालं.
विश्वंभर उठून आला, बल्बखाली वाकला.
एकीकडं जाळं. एकीकडं विहिरीचं पाणी.
"हे गोल गोल कशानं झालं हो?
म्या तर एक दिस खाडा नाही केला.
लेकीच्या हळदीला बी आधी गाडी पुसली,
मंग मांडवात गेलो."

कापड हातात होतं, उत्तर तोंडात होतं.

"ऊन," मी म्हणालो. "उन्हानं रंग असा होतो.
त्यात आपल्याकडचं ऊन."
"व्हय," तो म्हणाला, "ऊन लई."
आणि परत जाऊन बसला, या वेळेला पाय पसरून.

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला,
शेडचे पत्रे गाडीत उतरले, खिळ्यांसकट.
विश्वंभरनं दारात स्वतःला पाहिलं, टोपी नीट केली.
मग वाकून ड्रायव्हरच्या सीटखालून
फडकं काढलं, लुगड्याचं, चौघडी, जांभळ्या काठाचं.
टपावर पॉलिशचा एक पांढरा ठिपका
माझ्याकडून राहून गेला होता.

मी हात पुढं केला. मागं घेतला.

टाचा उचलून, उजव्या हातानं,
गोल. गोल.
फडक्याची घडी घालून खिशात ठेवली त्यानं,
आणि नूतन वसाहतीकडं चालत गेला.

मी बल्ब लावला.
पाच-सहाच होते, केसासारखे.
डबी उघडीच होती अजून.
शेठनी गल्ल्यावरून विचारलं, झालं का रे?

झालं, म्हणालो.
झाकण घट्ट बसत नव्हतं. दोनदा दाबावं लागलं.